नव्या विद्येची मूठ उघडा

(रत्नागिरी येथे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या सभेत एका वकील भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षा घेतल्यावर घरात कोणते संस्कार पाळावेत, लग्न कसे लावावे, मुलांच्या दाखल्यावर काय लिहावे, असे प्रश्न तुम्ही मला नेहमी विचारता. त्या प्रश्नांपुढे आजचा माझा विषय तुम्हांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलींनी आपल्याहून लहान मुलींना संगणकाची भाषा आणि रोबोट, म्हणजे यंत्रमानव, बनविण्याची विद्या शिकवावी की नाही, हा तो विषय होय. परंतु माझा वकिलीतील अनुभव असा आहे की, ज्या गोष्टींस लोक किरकोळ म्हणून सोडून देतात, त्यांतच माणसाचे हक्क गमावलेले असतात. म्हणून हा विषय तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

रत्नागिरी तालुक्यातील एका वाडीत आपल्या बांधवांनी श्रमदानाने बांधलेले एक लहानसे विहार आहे. तेथे दर रविवारी वंदना झाली की दहावीत शिकणाऱ्या दोन मुली वाडीतल्या तिसरी ते सातवीच्या नऊ मुलींना घेऊन बसत. साधने म्हणाल तर मुंबईस नोकरी करणाऱ्या एका बांधवाने दिलेला जुना लॅपटॉप, तळहातावर मावेल अशी आर्डुइनो नावाची एक विद्युत्-पाटी, दोन लहान मोटारी, दोन चाके आणि थोड्या वायरी. एका रविवारी मी मुद्दाम तो वर्ग पाहावयास गेले.

मुलींनी जमिनीवर पांढरा कागद पसरून त्यावर काळ्या पट्टीने एक वळणावळणाची वाट काढली होती. त्यांची लहानशी गाडी त्या वाटेवरून आपली आपण चालत होती. मी चौथीतल्या एका मुलीस विचारले, "हिला वाट कशी दिसते?" ती म्हणाली, "हिला पुढे दोन डोळे आहेत. पांढऱ्या कागदावरून उजेड परत येतो, काळ्यावरून येत नाही. डाव्या डोळ्याखाली काळे आले म्हणजे गाडी उजवीकडे सरकली. मग आम्ही डावे चाक थांबवायला सांगितले आहे. उजवे फिरत राहते, आणि गाडी डावीकडे वळून वाटेवर येते." मी विचारले, "हे तुला कोणी शिकविले?" तिने दहावीतल्या मुलीकडे बोट दाखविले आणि म्हणाली, "ताईने."

पुढच्या महिन्यात त्या दोघींपैकी एक मुलगी येईनाशी झाली. तिच्या वडिलांनी तिला बंद केले होते. मी त्यांच्या घरी गेले. गृहस्थ वाईट नव्हेत. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी दारू सोडली आहे, घरातले देव्हारे काढले आहेत. ते म्हणाले, "ताई, हिची दहावी आहे. लोकांच्या पोरींना शिकवून हिला काय मिळणार? आणि मोबाईल, इंटरनेट म्हणजे पोरगी हातची जाते." मी त्यांना कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यावर ते हसून म्हणाले, "वकीलबाई, तुमचा कायदा कोर्टात. माझ्या घरात माझा कायदा."

ती मुलगी परत आली नाही. माझे त्या दिवशीचे बोलणे वाया गेले. त्या गृहस्थास मी जे पटवू शकले नाही, ते आज तुमच्यापुढे मांडीत आहे. कारण "माझ्या घरात माझा कायदा" हे वाक्य आपल्या पुष्कळ घरांत आहे, उच्चारले जात नाही एवढेच.

हे वाक्य आले कोठून, याचा विचार करा. विद्या ही काहींनीच राखावयाची वस्तू आहे आणि ती कोणास द्यावी हे घरातल्या वा गावातल्या वडीलधाऱ्याने ठरवावयाचे, ही ज्या धर्माची शिकवण होती तो धर्म आपण सोडला. ह्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, आणि दापोली तालुक्यातले वणंद हे माता रमाईचे. रमाईचे वडील बंदरावर माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. लग्न झाले तेव्हा रमाईचे वय अवघे नऊ वर्षांच्या आसपास होते. शाळा म्हणून त्या माउलीच्या वाट्यास आली नाही. त्यांच्या ठिकाणी बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? मूठ बंद होती, म्हणून विद्या त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

ती मूठ महाराष्ट्रात कोणी उघडली? १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. आज बारावीत बसणाऱ्या मुलीचे जे वय, ते त्यांचे वय होते. शिकवू लागण्यापूर्वी त्या स्वतः घरी जोतीरावांजवळ शिकत होत्या. जे काल शिकले ते आज दुसरीस दिले, अशी ती रीत होती. त्या रीतीचे फळ लवकरच दिसले. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने 'ज्ञानोदय' पत्रात महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि ज्या धर्मग्रंथांस आम्ही हातही लावू शकत नाही तो धर्म आमचा कसा, असा सवाल धर्ममार्तंडांस केला. आपल्या धर्मांतराच्या शंभर वर्षे आधी तो प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता, आणि तिला अक्षर देणारी स्त्री तिच्याहून फार मोठी नव्हती.

भगवान बुद्धांच्या धम्मात तर ही गोष्ट पायाशीच आहे. गुरू काही ज्ञान मुठीत दाबून ठेवतो, निवडक शिष्यालाच देतो, त्या वृत्तीस पालीत 'आचरियमुट्ठी' म्हणतात. अशी मूठ आपण कधी ठेवली नाही, असे भगवंतांनी अखेरच्या दिवसांत आनंदास सांगितले. पटाचारा थेरीकडून धम्म शिकून तीस स्त्रिया दुःखमुक्त झाल्याची कथा थेरीगाथेत आहे. स्त्रीने स्त्रीस शिकवावे, हे आपल्या धम्मास नवीन नाही.

आता कोणी म्हणेल, अक्षरविद्या ठीक. पण ह्या संगणकाच्या विद्येचे एवढे काय? माझी एक आठवण सांगते. मी शाळेत असताना आमच्या शाळेत पहिला संगणक आला. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यास वेगळी खोली होती, त्यावर झालर लावलेले कापड होते. चपला बाहेर काढून आम्हांस रांगेने आत नेत, लांबून दाखवीत, आणि "हात लावू नका" असे बजावून बाहेर काढीत. वर्गातली दोन-तीन मोठ्या घरची मुले मात्र त्यावर बसत. आपल्या आजोबांना पाण्यास हात लावू दिला नाही, आणि मला यंत्रास. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते काही तहान लागली होती म्हणून नव्हे. जे सार्वजनिक आहे त्यावर आपला हात पडला पाहिजे, एवढ्यासाठी. आज बँक, रेशन, शाळाप्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, जमिनीचा सातबारा, सर्व काही संगणकातून चालते. त्या यंत्रास सूचना देणारा एक वर्ग आणि त्याने दिलेल्या सूचना पाळणारा दुसरा वर्ग अशी वाटणी पुन्हा पडू लागली आहे. आपल्या मुली कोणत्या बाजूस उभ्या राहणार, हा खरा प्रश्न आहे.

ह्या विद्येचा आणखी एक गुण आहे, आणि नवदीक्षित कुटुंबांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. गाडी वाट सोडून गेली तर मुली नारळ फोडीत नाहीत, कोणाची दृष्ट लागली म्हणत नाहीत. त्या सूचनांची यादी ओळीओळीने वाचतात आणि चूक कोठे आहे ते शोधतात. अमुक कारण असेल तर अमुक कार्य घडते, कारण नाहीसे केले की कार्य थांबते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम आपण वंदनेत ऐकतो. तो त्या जमिनीवरच्या कागदावर मुलींच्या हातांनी घडतो. नवस-सायास सोडा असे आपण त्यांस तोंडाने सांगतो. नवसाच्या जागी काय धरावे, हे मात्र त्या वर्गात त्यांस मिळते. आपल्या संविधानाने अनुच्छेद ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टी व चिकित्सक वृत्ती वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते कर्तव्य पार पाडण्याचा ह्याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

चूक शोधण्याची ही गोष्ट मोठ्या माणसांनाही लागू आहे. 'आझादीसॅट' नावाचा सुमारे आठ किलो वजनाचा एक लहान उपग्रह होता. त्यातील उपकरणे देशभरातील ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून तयार केली होती. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या लहान अग्निबाणाने तो सोडला. परंतु दुसरा टप्पा सुटताना यंत्रास जो हादरा बसला, त्यामुळे वेग मोजणारी उपकरणे बिघडली असे आतल्या संगणकाने समजून घेतले, गती कमी पडली आणि उपग्रह योग्य कक्षेत राहिला नाही. तेव्हा कोणी नशिबास दोष दिला नाही. चूक शोधली, दुरुस्त केली, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी 'आझादीसॅट-२' कक्षेत स्थिर झाला. सरकारी शाळेतल्या मुलींचे हात कोठवर पोचू शकतात, याचा हा दाखला आहे.

एवढ्या उंच जावयाचे नसेल तर मुंबईत धारावीस या. तेथल्या नया नगरात 'धारावी डायरी' ह्या उपक्रमात २०१५ च्या सुमारास वस्तीतल्या शाळकरी मुलींनी मोबाईलवर चालणारी ॲप तयार केली. एक संकटात सापडलेल्या स्त्रीने आपल्या माणसांस खबर द्यावी म्हणून. दुसरे सार्वजनिक नळावर आपली पाळी केव्हा येणार ते कळावे म्हणून. विषय पाहा. पाण्याच्या रांगेत ज्या मुलीचा जन्म जातो तिलाच ते ॲप सुचले. मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरास ते सुचले नसते, कारण तो कधी हंडा घेऊन उभा राहिलेला नसतो. आपल्या मुलींच्या हाती ही विद्या गेली तर आपल्या वाडीची टाकी, आपली वहाळ, आपल्या डोंगराची दरड ह्यांवर त्या विचार करतील.

आता मोठ्या मुलीनेच लहान मुलीस का शिकवावे? शिक्षक आहेत ना? शिक्षक हवेतच, आणि त्यांची मागणी कशी करावी ते मी पुढे सांगते. परंतु मी जे डोळ्यांनी पाहिले ते असे. मुले-मुली एकत्र बसली की यंत्र मुलांच्या हातात जाते आणि मुली वहीत उतरवून घेतात. समोर ताई असली म्हणजे लहान मुलगी न लाजता विचारते, चुकते, पुन्हा विचारते. शिवाय ताईस पाहून तिला कळते की ही गोष्ट आपल्यासारख्या घरातल्या मुलीस येते. आणि शिकविणारीचा फायदा तर दुप्पट आहे. चौथीतल्या मुलीस समजेल असे सांगावयाचे तर स्वतःस ते पुरते समजलेले असावे लागते. तिची दहावी ह्याने बुडत नाही. गणित आणि विज्ञान तिच्या अंगी मुरते. "हिला काय मिळणार" ह्या त्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

त्यांची दुसरी भीती इंटरनेटची. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मोबाईलात फसविणारे आहेत, त्रास देणारे आहेत. पण रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून आपण मुलीस शाळेत पाठविणे थांबवीत नाही. रस्ता ओलांडावयास शिकवितो. केरळात एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरण्याची बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, आणि तिला परत घेण्याचा आदेश केला. मुलीच्या रक्षणाच्या नावाखाली तिची विद्या अडविता येत नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ मी समजते.

तिसरी गोष्ट, "माझ्या घरात माझा कायदा". बंधूंनो, संविधानाचा २१क हा अनुच्छेद सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत अधिकार देतो. त्याच दुरुस्तीने ५१क मध्ये आईबापांचेही कर्तव्य लिहिले गेले, की आपल्या ह्या वयाच्या पाल्यास त्यांनी शिक्षणाची संधी द्यावी. म्हणजे संविधान घराच्या उंबरठ्यावर थांबत नाही. पण कायद्याहून मोठी गोष्ट सांगते. स्त्रियांस घरात हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडविले गेले तेव्हा, १९५१ साली, बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. ज्यांनी घरातल्या कायद्यासाठी मंत्रिपद सोडले, त्यांचा फोटो भिंतीवर लावून "माझ्या घरात माझा कायदा" म्हणावयाचे, हे आपणांस शोभते काय? देव्हारा काढला तरी त्याखालचा चौथरा तसाच राहिला, असे ह्यास म्हणावे लागेल.

आता कर्तव्याचा भाग. शिकविणाऱ्या मुलींच्या पाठीवर सारे ओझे टाकून सरकारास मोकळे सोडावयाचे नाही. केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून देशात सुमारे दहा हजार शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' निघाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी यंत्रे बनवावीत म्हणून त्या आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅब पाच वर्षांत सरकारी शाळांत काढण्याचे जाहीर झाले. त्यांतली एक तुमच्या शाळेत यावी असे वाटत असेल तर मागावी लागेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांस प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. तुमच्यापैकी किती आया ह्या समितीवर आहेत? नसतील तर ह्या वर्षी बसा. सभेत विचारा की, शाळेत संगणक किती, चालू किती, खोलीची किल्ली कोणाकडे, आणि मुलींचा हात आठवड्यातून किती वेळ त्यावर पडतो. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. मात्र जे मागाल ते लेखी मागा आणि पोच घ्या.

दुसरे, दाखल्याची काळजी आधी घ्या. अनुसूचित जातींतून बौद्ध धम्मात आलेल्यांच्या सवलती धर्मांतराने बुडतात, ही अफवा अजूनही गावोगाव पसरविली जाते. १९९० साली संसदेने १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला आहे. मुलगी आठवी-नववीत असतानाच जातीच्या दाखल्याची कागदपत्रे गोळा करा. व्यावसायिक शिक्षणास पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते. कागदाअभावी हुशार मुलगी घरी बसली, असे होऊ देऊ नका. रत्नागिरीस शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि महाडजवळ लोणेरे येथे बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. तेथपर्यंतची वाट तुमच्या विहारातून सुरू होऊ शकते.

तिसरे, विहाराचा एक कोपरा आणि रविवारचे दोन तास मुलींसाठी राखा. शिकविणाऱ्या मुली एकट्या नसाव्यात, दोघी असाव्यात. वर्ग दिवसाउजेडी सुटावा. एखादी आई वा आजी तेथे बसलेली असावी. वीजबिल आणि दुरुस्ती विहाराच्या निधीतून व्हावी. आणि त्या दोन तासांत कोणी आपल्या मुलीस पाणी भरावयास वा भांडी घासावयास हाक मारू नये. घरात भाऊ असतो. त्याचेही हात धड आहेत.

चौथे, मुलींनो, हे तुमच्यासाठी. तुम्हांस जे येते ते मुठीत धरून ठेवू नका. चौथीतलीस तुमच्याहून लवकर कळले तर रुसू नका. आणि यंत्र स्वतःच्या हातात ठेवून बोलू नका. ते तिच्या हातात द्या आणि तुम्ही हात मागे घ्या. ती चुकेल. तिला चुकू द्या.

त्या गृहस्थाच्या घरी मी पुन्हा जाणार आहे. ह्या वेळी कायद्याचे पुस्तक नेणार नाही. त्या चौथीतल्या मुलीस बरोबर नेईन आणि ती गाडी त्यांच्या ओटीवर चालवावयास सांगेन. ते ऐकतील की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी मी जाऊ शकत नाही. तेथे तुम्हांलाच आपल्या घरच्या कायद्याविरुद्ध वकिली करावी लागेल. तो दावा तुम्ही आपल्या मुलीच्या बाजूने लढवा, एवढेच माझे मागणे आहे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.